कागदाचा मेंढा

न्हावरे,
डिसेंबर २००४

प्रिय मारुती,

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. थंडी चांगली पडली आहे, ऊसतोडीच्या गाड्या दिवसभर रस्त्याने कुरकुरत जातात आणि माझे हात नेहमीप्रमाणे कागदाच्या लगद्यात आहेत. गेल्या महिन्यात दोन कासवं आणि एक माकड केलं. माकडाचं तोंड जरा आपल्या जुन्या गणिताच्या मास्तरांवर गेलं, ते मुद्दाम नाही. पार्वतीचं बोलणं तुला ठाऊक आहेच. परवा शेजारच्या रंगुबाईला सांगत होती, "आमच्या सासऱ्यांनी मेंढरं इकली आन् ह्यांनी कागदाची पाळली. चारा लागत न्हाई, एवढंच बरं हाय."

मेंढरांवरून आठवलं. शिरूरच्या शाळेतून सुट्टीत घरी आलो की आपण दोघं तुझ्या आबांच्या कळपामागे जायचो आणि शाळेत पाठ केलेल्या कविता माळावर मोठ्याने म्हणायचो. मी चालीत म्हणायचो, तू अर्थ धरून. एखादी कविता आवडली की ती तोंडपाठ झाल्याशिवाय मला जेवण गोड लागायचं नाही. ती खोड पुढे मास्तरकीत टिकली आणि अजून आहे. तू मात्र रेल्वेत लागलास, दौंडला गेलास, केबिनीत बसून गाड्यांचे रूळ बदलत राहिलास, आणि कुणाला न सांगता स्वतःच्याच कविता लिहीत राहिलास. चाळीस वर्षं तू हे माझ्यापासून लपवलंस, मारुती. निवृत्तीनंतर, पंच्याण्णव साली, तू ती वही माझ्या हातात दिलीस. शंभर पानी, शाळेतल्यासारखं वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. "एवढी एकच हाय," म्हणालास, "वाच आन् खरं सांग. वाईट असंल तर वाईट म्हण." मी पहिलं पान उघडलं आणि तुझ्यावर डाफरलो, की कविता काय बॉलपेनने लिहायची असते का, कवितेला शाईचं पेन लागतं. तू हसलास. म्हणालास, "इंजिनाच्या हादऱ्यात शाई सांडती, मास्तर."

त्यापुढचं तू जसं जाणतोस तसं लिहितो. महिन्याभराने मी तुला कळवलं की वही परत द्यायला निघालो होतो, एस्टीत सीटवर राहिली. तू रागावला नाहीस. दौंडच्या डेपोत तीनदा गेलास, शिरूरला एकदा. तिथल्या कारकुनाने विचारलं, "आजोबा, वहीत पैसं हुतं का? न्हाई ना? मग कोण नेतंय, मिळंल." ही गोष्ट तू मला हसत सांगितलीस आणि मीही हसलो. पण त्यानंतर तू एक ओळ लिहिली नाहीस. विचारलं तर म्हणायचास, "वहीच गेली, आता कशाला." गेली नऊ वर्षं हे तुझं 'आता कशाला' मला दर भेटीला ऐकू येतं.

आता मेंढ्याचं सांगतो. आमच्या शाळेच्या ओट्यावरचा तो मोठा मेंढा, ज्याच्या पाठीवर निम्मं गाव बसून मोठं झालं. माझ्या हातून त्याच्याइतकं चांगलं जनावर पुन्हा झालं नाही. तू त्याला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा त्याच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिलास. "आमच्या आबांचा काळ्या हाय ह्यो," म्हणालास. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेलो होतो.

तो मेंढा मी पंच्याण्णवच्या स्नेहसंमेलनासाठी केला. कामट्या आणि सुतळीचा सांगाडा, त्यावर चिंचोक्याच्या खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या, त्यावर लगदा, मग खडूची भुकटी आणि रंग. पट्ट्या कधी कात्रीने कापायच्या नाहीत, हाताने फाडायच्या. फाटलेली कड चिकटते, कापलेली उचकटते. जुन्या पुस्तकांतली कवितांची पानं मी कधीही फाडत नाही, ती वेगळी काढून ठेवतो, हेही तू जाणतोस. आणि तुझी वही खालच्या ओलीत भिजू नये म्हणून मीच ती उचलून उंचावर ठेवली होती, रद्दीच्या गठ्ठ्यावर. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली वही, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर. कामाला बसलो की माझे डोळे सांगाड्यावर असतात, तोंडाने कविता चालू असते आणि हात आपला गठ्ठ्यावरून घेऊन फाडत असतो. त्या दिवशी मी गंमत म्हणजे तुझीच कविता म्हणत होतो:

मेंढरं गेली माळ ओलांडून, घुंगूर मागं राहिला;
कोकराच्या ओल्या डोळ्यांत मी घरचा दिवा पाहिला.

आणि मेंढ्याच्या मानेवर पट्टी दाबताना माझ्या अंगठ्याखाली 'घुंगूर मागं' एवढीच अक्षरं दिसली. निळी, तुझी.

इथवर जे झालं ती चूक होती. पुढचं चूक नव्हती. वहीची शेवटची सहा पानं अजून शाबूत होती. ती घेऊन मी तुझ्याकडे यायला हवं होतं. मी ती हातात धरून बराच वेळ बसलो. मग वाटलं, एवढीच दाखवली तर बाकीची कुठे गेली ते सांगावं लागेल. आणि मी तीही फाडली, खळीत बुडवली, मेंढ्याच्या पाठीवर लावली. डोळे उघडे ठेवून. ती पानं मी वाचलीसुद्धा नव्हती. एस्टी वगैरे सगळं नंतर जुळवलं.

गेल्या महिन्यात तुझ्या नातीचं, प्रांजलचं पत्र आलं. तुला सत्तर पूर्ण होतात, त्या दिवशी तुझ्या कविता छापून तुझ्या हातात द्यायचं तिने ठरवलं आहे. लिहिते, 'मास्तर आजोबा, वही तर एस्टीत गेली, पण तुम्हाला काही ओळी आठवत असतील ना?' तू मला केवढा मोठा मानतोस तेही त्या पोरीने पुढे लिहिलं आहे; ते लिहायला नको होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी मेंढा मागितला. हर्षदाबाई, आताच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "गुरुजी, न्या, पण त्याच्या जागी दुसरा बसवा. पोरं रडतील." शेजारच्या संपतच्या ट्रॅक्टरमधून घरी आणला आणि अंगणात घंगाळात कोमट पाण्यात बसवला. रंग सोलला, लगदा खरवडला. पार्वतीने कारण विचारलं तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. पाणी निवलं की आणखी तापवून आणून देत राहिली. तिसऱ्या दिवशी पट्ट्या सुटू लागल्या. शाईने लिहिलं असतंस तर निळं पाणी तेवढं उरलं असतं. बॉलपेनचं अक्षर न् अक्षर जिवंत आहे. तीनशे बारा पट्ट्या दोरीवर वाळवल्या आहेत. अंगण धुणं घातल्यासारखं दिसतं. ज्या कविता मला पाठ होत्या त्या मी जुळवल्या, एकोणीस झाल्या. बाकीच्यांचा क्रम लागत नाही, तो तुलाच लागेल. पाठीवरची सहा पानं मात्र वरच्या लगद्याला चिकटून त्याच्याबरोबरच गेली. जी चुकून फाडली ती सगळी परत आली, जी जाणून फाडली ती आली नाहीत. मेंढ्याचं वाईट वाटत नाही, सांगाडा शाबूत आहे, नवा करू. ये, मारुती. शिव्या द्यायच्या असतील तर ओट्यावर बसून दे, पार्वती चहा ठेवेल. प्रांजलला मी अजून काही कळवलेलं नाही. ते तू ठरव. सहा पानं कोरी ठेवून, पट्ट्या चिकटवायला मी नवी वही शिवली आहे, कव्हर मुद्दाम घातलेलं नाही. येताना बॉलपेन घेऊन ये.

तुझाच, शाईचा हट्ट सोडलेला,
शंकर