शालूले मामा घेऊन गेले

अहो, तुमचा फोन लागून नाही राह्यला, म्हणून लिहून ठेवते. दुपारी नेरहून शालूचे मामा आले. "भाचीले सावत्र आईच्या हाती नाही ठेवत," म्हणाले. मी चहा मांडला, पोरीची बॅग भरून दिली. टीव्हीवर तिचं कार्टून चालू होतं. त्यातली राणीही सावत्र आईच, पण राजकन्येले न्यायले कोणी आलं की तलवार उपसते. शालूनं माझा पदर धरला. आजवर मले मावशी म्हणणारी पोर म्हणे, "आई, तू काहून नाही लढत?" मामानं तिची बोटं सोडवली.

मी यष्टीनं नेरले निघाली. वरण-भात झाकून ठेवला आहे. त्यायनं घरात नाही घेतलं तर पायरीवर बसून राहीन. तुम्ही लवकर या.

मंजुषा