टिपण क्रमांक दोनशे बारा

प्रिय प्राध्यापक महाशय,

घटस्फोटानंतर तुला नावानं हाक मारायची सवय गेली, म्हणून हे संबोधन. तसंही तुला ते आवडायचंच.

तू ग्रंथालयाला दिलेली टिपणांची खोकी फिरून फिरून माझ्याच टेबलावर आली. काम साधं आहे. तुझं प्रत्येक टिपण संगणकावर चढवायचं आणि ते ज्या कागदावरून घेतलं त्याला जोडून द्यायचं. वाचकानं बोट लावलं की मूळ कागद समोर उघडतो. तुझी शिस्त मात्र मानली पाहिजे. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं गठ्ठा आणि पान. भाजीत मीठ कमी पडलं तरी तू मागच्या वेळची तारीख सांगायचास, त्यातलाच प्रकार.

फक्त दोनशे बाराचा कोपरा कोरा होता. नेमकं तेच टिपण, ज्यावर तुझं पुस्तक उभं आहे: शंभर वर्षांपूर्वी इस्पितळात लेक गमावलेल्या अज्ञात आईचं पत्र. सत्काराच्या दिवशी तू ते वाचलंस तेव्हा सभागृहानं डोळे पुसले. मी न बोलावता आले होते, तिसऱ्या रांगेत. मीही रडले. वाटलं, माझ्यासारखीच होती बिचारी.

मूळ कागदासाठी अकरा गठ्ठे उपसले. सापडला तुझ्याच खोक्याच्या तळाशी, आणि अक्षर माझं. आपली छकुली गेल्यावर माहेरून तुला लिहिलेलं पत्र. तेव्हा मी भानावर नव्हते, त्यातली ओळसुद्धा आठवत नव्हती. तुझं उत्तर आलं नाही, एवढं आठवत होतं. तू ते वाचलंस तरी का, हा प्रश्न सोळा वर्षं मला खात होता. वाचलंस रे, अगदी मन लावून वाचलंस. 'फोन' खोडून 'तार' केलंस. 'छकुली' खोडून 'बाळ' केलंस. तिचं नाव खोडताना तुझा हात थरथरला असेल, म्हणून भिंग लावून पाहिलं. रेघ सरळ आहे.

आता कामाचं. लेखकाला आठ दिवस आधी कळवायचा नियम आहे, म्हणून हे पत्र. दोनशे बारा मी त्याच्या मूळ कागदाला जोडलंय, तुझ्या दुरुस्त्यांसकट. पत्र लिहिणाऱ्याची परवानगी लागते, ती मी सही करून दिली. सोमवारपासून कुणीही उघडून पाहील. हरकत असेल तर लेखी घ्यावी लागेल. ही बाई आपली कोणी नव्हती, एवढं लिहिलंस तरी पुरे. माझ्या त्या पत्राला उत्तर आलं, असं मी धरून चालेन.

एके काळची तुझीच