नाव नसलेली चौकट

२ डिसेंबर, सोमवार
सकाळच्या गाडीने मनमाडहून आले. इंदिरानगरातलं ऑफिस म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला. पाच कॉम्प्युटर, भरपूर ऊन, आणि चहा मागावा लागत नाही! पहिलीच नोकरी. दवाखान्यात पेशंटची नोंद करायचं सॉफ्टवेअर इथे बनतं. चुका मी शोधायच्या, दुरुस्त बुद्धभूषणने करायच्या. तो कमी बोलतो, पण समजावतो छान. मालक ज्ञानेश सर कायम घाईत. माझ्या आधी हे काम पायल नावाची मुलगी करायची. आजारी पडून चांदवडला घरी गेली म्हणे. खणात तिच्या टिकल्यांचं पाकीट अजून आहे.

५ डिसेंबर
मोठी तक्रार फोकसची. म्हणजे टाइप केलेलं ज्या चौकटीत उमटायला हवं, तिथे ते उमटत नाही. पेशंटचं नाव लिहिता लिहिता कर्सर गायब होतो आणि पुढची अक्षरं कुठे जातात कळत नाही. आज एकतीस वेळा झालं. टॅब दाबून दाबून बोटं दुखली. फोकस कुठे जातो ते टिपून ठेवणारा कोड बुद्धभूषणने टाकलाय.

९ डिसेंबर
सापडलं. फोकस एका चौकटीत जातो. तिला नाव नाही. बुद्धभूषण म्हणाला, ही मी बनवलेलीच नाही. खटपट करून त्याने ती स्क्रीनवर आणली. आत माझी हरवलेली अक्षरं होती. त्यांच्या वर ओळीमागून ओळी, एकच मजकूर: आईचा आवाज येतो. ओ देता येत नाही.
आम्ही बघत असतानाच खाली आणखी एक ओळ उमटली. कीबोर्डला कुणाचाच हात नव्हता.

१२ डिसेंबर
चौकटीतली पहिली ओळ पायल आजारी पडली त्याच दिवशीची निघाली. रजा टाकून चांदवडला गेले. पायल खाटेवर भिंतीला टेकून बसलेली. डोळे उघडे, पण माझ्याकडे वळले नाहीत. तिची आई सुलाबाई म्हणाली, "दोन महिने झाले बाई, किती हाका मारल्या तरी ओ देत नाय. नुसती बोटं चालू."
बोटं मांडीवर टाइप करत होती. मी बुद्धभूषणला फोन लावला; तो ऑफिसात ती चौकट उघडून बसला. इथे बोटं थांबली की तिथे ओळ थांबायची.


१६ डिसेंबर
ती चौकट काढू नका म्हणून सरांना हात जोडले. उद्या सॉफ्टवेअर द्यायचंय, म्हणाले, आणि स्वतः बसून ती उडवली. फोकस जागच्या जागी. सगळ्या चाचण्या पास. सरांनी पेढे आणले.
चार वाजता सुलाबाईंचा फोन. पायलची बोटं थांबली. श्वासही.

१७ डिसेंबर
जुनी आवृत्ती परत चढवली. चौकट आहे. रिकामी. दिवसभर तिच्यात पायलला हाका टाइप केल्या —
काही नाही.

१९ डिसेंबर
बुद्धभूषण हाका मारतोय. मोहिनी, मोहिनी. खांदा हलवतोय. सगळं कळतंय. मान वळवायचीय पण —

२० डिसेंबर
आई आलीय. रडतेय. मी इथेच आहे गं, इथेच —
समोर टेबलावर माझी डायरीची वही. मिटलेली. वर पेन. मग हे मी कुठे लिहि