नारिंगी जर्सीतला पाणक्या

१० जून, मंगळवार

पहिला! आमचा पाणक्या पहिला!! अक्षर गिचमिड आलंय.

तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीतला आज सोळावा दिवस. सकाळीच नऊ जण सुटले पुढे. कोणी ढुंकून पाहिलं नाही. समालोचक म्हणाला, ‘जाऊ देत, दमतील.’ दमलेच. आठ जण दमले. नववा दमला नाही! संध्याकाळी सोळा दिवसांच्या वेळेची बेरीज लागली तर पाणक्या सगळ्यांच्या वर. दुसऱ्या नंबरवर विरोधी टीमचा लंबू, तोही दोन मिनिटं अकरा सेकंद मागे. मंचावर पाणक्याला पहिल्या नंबरची नारिंगी जर्सी चढवली तेव्हा याचा चेहरा असा, की जणू दुसऱ्याच्या लग्नात चुकून बोहल्यावर उभं केलंय.

पाणक्या हे नाव अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ठेवलेलं. खरं नाव समालोचक सांगतात, आमच्या घरात ते चालत नाही. नऊ वर्षं हा माणूस एकच काम करतोय. मागे टीमच्या गाडीपाशी जायचं, पाण्याच्या सात-आठ बाटल्या पाठीवर जर्सीत कोंबायच्या, पुन्हा पुढे येऊन सगळ्यांना वाटायच्या. आणि वारा असला की टीमच्या कप्तानाच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. कप्तान म्हणजे युवराज. हे नाव मी ठेवलंय. केस बघितले की कळतं.

अण्णांनी काठी इतकी आपटली की खालच्या दुकानातला चष्मेवाला धावत वर आला. त्याला वाटलं अण्णा पडले.

आणि इतकं होऊन तो समालोचक काय म्हणतो? ‘याचा फायदा युवराजला होईल. त्याच्यावरचं दडपण कमी झालं.’ अरे! जिंकला कोण, बोलतोयस कोणाबद्दल?

११ जून, बुधवार

आज डोकं तापलेलंच आहे. सकाळपासून.

लॅबमध्ये एक कवळी परत आली. डॉक्टरांचा फोन, ‘मॅडम, तुमची कवळी पेशंटला टोचतेय.’ माप कोणी घेतलं? त्यांनी! मापातच जबडा तिरका आलेला. मी त्याच दिवशी कळवलं होतं. ‘करा हो तुम्ही, बसेल.’ टोचली की कवळी माझी. बसली की हात डॉक्टरांचा. बावीस वर्षं दात लावतेय लोकांना, एकाही तोंडानं मला अजून पाहिलेलं नाही.

हे चाललेलं असताना रेडिओवर पाणक्याच्या परदेशी टीमचा व्यवस्थापक, भाषांतरासकट. ‘आमचा नेता एकच आहे. जर्सी कोणाच्याही अंगावर असो.’ माझ्या हातातलं मेण गार होऊन गेलं. कोणाच्याही अंगावर असो! खुंटीवर टांगलीये का ती? चढ चढून, घाम गाळून आणलीये त्यानं!

घरी येताना चष्मेवाल्याच्या दुकानात माझा चष्मा घ्यायला गेले. तोही शर्यतीचा वेडा, पण युवराजचा भक्त. म्हणाला, ‘ताई, टीमनं त्याला ठेवलाय कशाला? पाणी आणायला. आता जर्सी मिळाली म्हणून पाणी कोण आणणार?’

‘युवराज आणेल! हात मोडलेत का त्याचे?’

तो हसला. हसला! चष्मा न घेताच आले.

अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘चष्मा आणायला हवा होतास. रागानं काय दिसायला लागतं का?’

१२ जून, गुरुवार

जर्सी टिकली. एकोणीस सेकंद गेले, पण टिकली. अण्णा दोन घास जास्त जेवले.

१३ जून, शुक्रवार

आज प्रत्यक्ष पाहिलं!

शर्यत इथून तासाभराच्या रस्त्यावरून जाणार होती. मी लॅबमधून सुट्टी घेतली. चष्मेवाल्यानं गाडी काढली. भांडण तसंच ठेवून काढली, म्हणजे जाताना तो अण्णांशी बोलत होता आणि मी खिडकीशी. अण्णांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं, घडीच्या खुर्चीत बसवलं. तीन तास ऊन. गर्दीत एका बाईनं अण्णांवर छत्री धरली, ओळख ना पाळख.

मग हेलिकॉप्टर. मग मोटारसायकली. मग नुसता एक आवाज, शंभर साखळ्यांचा एकदम, मुसळधार सरीसारखा. चार सेकंद. संपलं!

चार सेकंदांत मी काय पाहिलं? नारिंगी जर्सी. आणि नारिंगी जर्सीच्या पाठीवर फुगलेल्या बाटल्या. पहिल्या नंबरचा माणूस, आख्ख्या शर्यतीचा पहिला, आणि पाणी वाहतोय! युवराज त्याच्या मागे, हात पुढे करून. तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, ‘अरे, टाक त्या बाटल्या! टाक!’ छत्रीवाली बाई दचकली.

अण्णा डोळे मिटून बसलेले. म्हटलं, दिसला का? म्हणाले, ‘दिसायला कशाला पाहिजे? सगळ्यांत सुरेल साखळी त्याची होती.’ चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केलेला माणूस, काय बोलणार!

घरी पोचलो तर दादाचा फोन. गेल्या महिन्यानंतर आज. ‘काय, अजून सायकलीच बघताय का दोघं?’ अण्णांची सुट्टीत सोय होईल का विचारलं, मला आठ दिवस बहिणीकडे, म्हणजे मावसबहिणीकडे, जायचं होतं. तर म्हणे, ‘अगं, माझं पुलाचं काम ऐन रंगात आहे. आणि अण्णांना तुझ्याकडेच बरं वाटतं. तुला सवय आहे.’

सवय आहे! बैलालाही असते!

१४ जून, शनिवार

लिहू की नको, असं झालंय. लिहिलं नाही तर फुटेन.

शेवटचा मोठा डोंगर. उद्या नुसती मिरवणूक असते, शर्यत आजच ठरते. चष्मेवाला वर आलेला. आम्ही तिघं टीव्हीसमोर.

दुपारी उतारावर युवराज पडला. कोपर सोललं, जर्सी फाटली, पण उठला आणि पुन्हा सायकलवर बसला. पाणक्या आणि लंबू पुढे होते. शेवटच्या चढाला लागले तेव्हा दोघंच. लंबू हल्ला करतोय, पाणक्या चिकटून. लंबू पुन्हा पळतोय, पाणक्या पुन्हा चिकटून. अण्णा पुटपुटत होते, ‘वरचं अंग बघ. हलत नाही. नुसते पाय.’ शिखर सहा किलोमीटर. आलं होतं हातात! नऊ वर्षं पाणी भरून शेवटी आलं होतं!

मग पाणक्यानं मागे पाहिलं.

एकदा. पुन्हा एकदा. कानातल्या यंत्रावर हात ठेवला. टीमच्या गाडीतून व्यवस्थापक त्यातूनच हुकूम सोडतो. आणि पाय थांबले त्याचे. सायकल नुसती घरंगळायला लागली. लंबूनं वळून बघितलं, त्यालाही खरं वाटेना. मग तो गेला.

मी उभी राहिले. ‘थांबू नकोस! अरे थांबू नकोस!!’

पाणक्यानं एक पाय जमिनीवर टेकवला. शर्यतीतला पहिला माणूस, डोंगराच्या मधोमध, पाय टेकून उभा! दीड मिनिट. खालून युवराज आला, वाकडातिकडा, रडत असावा. पाणक्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, बाटली दिली, आणि लागला त्याच्यापुढे वारा कापायला. शेवटी रेषेपाशी त्याला ढकलून आपल्याआधी पार केला.

सगळ्या दिवसांच्या बेरजेत अठ्ठेचाळीस सेकंदांनी हरला. अठ्ठेचाळीस! लंबू जिंकला, पाणक्या दुसरा, युवराज तिसरा. म्हणजे युवराजही जिंकला नाही! आयत्या बिळावरच्या नागोबाचा तिसरा नंबर वाचवायला याचा पहिला घालवला!

चष्मेवाला ‘वाईट झालं ताई,’ म्हणाला आणि जिना उतरून गेला.

अण्णा म्हणाले, ‘थांबणारच होता तो.’

‘थांबणारच होता? थांबवला त्याला! गाडीत बसून, एसी लावून, कानात बोलून थांबवला!’

‘तुला काय माहीत?’

मग मला आवरलंच नाही. म्हटलं, ‘मला नाही माहीत तर कोणाला माहीत? मला नाही थांबवलं? डेंटल कॉलेजला नंबर लागला होता माझा. यादीत नाव होतं. आईनं अंथरूण धरलं, दादाचं शेवटचं वर्ष, मग कोणी थांबायचं? हिनं! दादा पूल बांधतोय आणि मी कवळ्या घासतेय. सत्तावीस वर्षं झाली त्या यादीला! तुम्ही थांबवलंत मला, अण्णा!’

अण्णांनी टीव्ही बंद केला. काठी घेतली. आत गेले. चहाही घेतला नाही.

मी बोलले ते खरंच आहे. माघार घेणार नाही.

१५ जून, रविवार

मिरवणूक पाहिली नाही. अण्णांनी पाहिली, आवाज बंद करून. स्वयंपाकघरातून दिसत होतं मला. पाणक्या हसत होता! युवराजच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. कणा पाठीत असून उपयोग काय, वागण्यात नको?

अण्णा दिवसभरात दोन वाक्यं बोलले. ‘गोळी कुठे आहे’ आणि ‘दार वाजतंय’.

१६ जून, सोमवार

आज दोन कामं केली.

एक. डॉक्टरांची तीच कवळी पुन्हा आली. मी फोन लावला. ‘डॉक्टर, माप पुन्हा घ्या. तिरक्या मापावर मी आता काम करणार नाही. आणि पेशंटला सांगा, चूक मापाची होती.’ म्हणाले, ‘पाठवतो माप.’ इतकंच? इतकंच करायचं होतं? आणि मी बावीस वर्षं गिळत बसले?

दोन. दादाला फोन. ‘पुढच्या महिन्यात पंधरा दिवस तू ये. मी जाणार आहे.’

‘अगं, पूल...’

‘पूल पळून जातोय का?’

‘बघतो. कळवतो.’

‘बघू नकोस. ये.’

ठेवला फोन. अण्णा दारात उभे होते. ऐकलं असणार. मला वाटलं, आता रागावतील. नुसतं म्हणाले, ‘बरं केलंस.’

त्याचाही राग आला. आता म्हणताय! तेव्हा कुठे होतं हे?

१७ जून, मंगळवार

टीमच्या व्यवस्थापकाला चांगलं दोन पानी पत्र लिहिलं आज. ‘महोदय, आपल्याला लाज वाटते का?’ अशी सुरुवात. अण्णांना वाचून दाखवणार होते, मग नाही दाखवलं. चष्मेवाल्याच्या पोरीकडून भाषांतर करून घेतलं आणि पाठवून दिलं. भीडभाड ठेवली नाही. ‘ज्यांच्या पायांवर तुम्ही उभे आहात त्यांना तुम्ही पायपुसणं करता.’ चांगलं जमलंय ते वाक्य.

१८ जून, बुधवार

संध्याकाळी चष्मेवाला फोन घेऊन वर आला. शनिवारचं ध्वनिमुद्रण बाहेर आलंय, गाडीतून पाणक्याच्या कानात काय सांगितलं ते. खाली भाषांतर येत होतं. व्यवस्थापक ओरडतोय, ‘जा. शर्यत तुझी आहे. मागे बघू नकोस. जा!’ तीनदा. मग पाणक्याचा आवाज, धापा टाकत, ‘तो एकटा आहे.’ मग खरखर. यंत्र काढलं त्यानं कानातून.

चष्मेवाला गेला. अण्णा खुर्चीत तसेच बसून होते, माझ्याकडे न बघता.

यादी लागली त्या दिवशी अण्णा म्हणाले होते, जा. आईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा म्हणाले, तू जा, मी आहे. आणि कॉलेजला निघायच्या दिवशी दारात, माझी बॅग स्वतः उचलून, जा म्हणाले. आतून आईनं हाक मारली नव्हती. कोणीच काही म्हटलं नव्हतं. बॅग मी खाली ठेवायला लावली.

शनिवारी अण्णा हे सांगू शकले असते. नाही सांगितलं.