बिनपट्ट्यांचं खोकं

२ फेब्रुवारी, रविवार

गंधार मेला! काल सापगावच्या हळदीत, नवरदेवाच्या मामाची फर्माईश ऐन रंगात असताना. कीबोर्डाची पट्टी दाबली ती खालीच बसली, वर यायचं नाव नाही. आणि सूर चालूच — पीऽऽऽ! नवरदेव पाटावरून उठला तरी गंधार चालू. मामा नाचतच होता, त्याला काही फरक पडला नाही. अप्पांनी मात्र बेंजोवरून मान वळवून पोटच्या पोरीकडे असं बघितलं, की मीच मुद्दाम पट्टी गिळली!

आज कीबोर्ड उघडला. आत हळद. सुकलेली, तेलकट, सहा वर्षांची हळद. नवरदेवाला लावून उरली की आमच्याकडे दिसेल त्याला फासतात, आणि वाजवणारे तर हक्काचे. ऑक्टापॅड सोडून प्रज्वल पळतो. मी कुठे पळणार? दोन्ही हात पट्ट्यांवर! त्यात 'गावदेवी बेंजो पार्टी, शेणवा' मध्ये मी एकटीच बाई. बायकांचा सगळा घोळका माझ्याच अंगावर येतो.

५ फेब्रुवारी

मेडिकलमधल्या नोकरीवरून येताना तिथूनच स्पिरिट आणि कापूस घेतला. शेठ म्हणाले, "कोन आजारी हाय घरी?" म्हटलं, गंधार. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं.

सगळ्या पट्ट्या पुसल्या. दोन अजून चिकटतात — त्या दाबल्या की करंगळीच्या नखाने लगेच वर उचलायच्या. जमतं मला. पण कीबोर्डाचा स्वतःचा आवाज आधीच फाटला होता, आता पार गेलाच, त्याला स्पिरिट काय करणार? नवीन घ्यायलाच हवा. अप्पा या वेळी "बघू" नाही, "घेऊ" म्हणाले! तारखेसकट लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रज्वलने मोबाइलवर सिंथेसायझर शोधून काढलाय. (माझा चुलतभाऊ. ऑक्टापॅड वाजवतो, उरलेला सगळा वेळ मोबाइल बघतो. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.) एकच मशीन, दोन रूपं. एक पट्ट्यांसकट — लांब, काळं, देखणं. दुसरं म्हणजे नुसतं चपटं खोकं. त्याला रॅकचं मॉडेल म्हणतात. आम्ही वाजवतो त्या टेम्पोत अॅम्प्लिफायरच्या खाली स्क्रूने आवळून टाकायचं. आतले आवाज दोन्हींत तेच. फक्त खोक्याला पट्ट्याच नाहीत! दुसरा कुठलाही कीबोर्ड वायरने जोडायचा, पट्टी इथे दाबायची, आवाज खोक्यातून येणार. आणि आमच्यासारखा आवाज गेलेला कीबोर्ड एकटा असेल तर नुसती टकटक.

आई म्हणाली, "बिनपट्ट्यांची पेटी? उद्या बिनदाराचं घर घ्याल!"

मी आईच्या बाजूने. प्रज्वल माझ्या बाजूने. मतं मोजायची वेळ आली तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "खोकं घेऊ."

"का?"

"खोक्याला हळद लागत नाय."

"मग वाजवू कशावर?"

"हाये ना जुना. आवाज गेलाय, पट्ट्या चालतात."

"दोन चिकटतात!"

"तुला माहीत हायत ना कुठल्या?"

नवीन मशीन घेऊनही मी त्याच पिवळ्या दातांच्या म्हातारीवर वाजवायचं!

१६ फेब्रुवारी, रविवार

वैशाखऱ्याहून पाहुणे आले होते. मला बघायला. हरेश — मुरबाडला एमआयडीसीत नोकरी, घरची भातशेती. त्याला वाढवलं त्याच्या आत्याने, बाईजा आत्या. छोटीशी बाई, पण खोलीत आली की बाकीचे आपोआप सरळ बसतात. मीसुद्धा बसले.

स्वयंपाकाचं विचारलं, नोकरीचं विचारलं. मग म्हणाल्या, "टेम्पोत उभं राहून वाजवतंस म्हनं?"

"हो."

"आन लगीन झाल्यावर?"

अप्पा चहात बघत होते, चहात काहीतरी लिहिलं असल्यासारखे. मला वाटलं होतं, ते तरी एक शब्द बोलतील. नाही बोलले.

नंतर अंगणात हरेश म्हणाला, "सापगावच्या हळदीला मी होतो. नवरदेव माझा दोस्त. तो एकच सूर तुमी लय वेळ धरला होता... मला वाटलं नवीन स्टाइल हाय."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं!

२३ फेब्रुवारी

लग्न ठरलं. १८ मे. मीच हो म्हटलं, मनापासून. आत्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून कुणीच दिलेलं नाही. मला लग्न करायचंय. मला वाजवायचंय. या दोन वाक्यांच्या मध्ये लोक 'पण' का घालतात, देव जाणे.

२५ फेब्रुवारी

आज ऐकू नये ते ऐकलं. मी मोरीत भांडी घासत होते, अप्पा आणि प्रज्वल ओटीवर. अप्पा म्हणाले, "प्रियांका गेली तरी खोकं हितंच राहील." पुढचं आईने नळ सोडला त्यात बुडालं. पण पुढचं ऐकायची गरजच काय?

म्हणजे हे गणित आहे! खोकं टेम्पोत आवळलेलं. उद्या दुसरा कुणीतरी आपला कीबोर्ड घेऊन येईल, वायर जोडेल, पार्टी चालू. वादक बदला, आवाज तोच. माझी सोय नाही बघितली, माझ्या जाण्याची सोय बघितली! सहा वर्षं उभी राहिले त्या टेम्पोत. पोटऱ्यांना गोळे येईस्तोवर. फार वाईट वाटलं. भांडी तशीच टाकून उठले.

२ मार्च, रविवार

कल्याणच्या दुकानात गेलो. दोन्ही रूपं शेजारी शेजारी. पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि — अरे देवा! लोण्यात बोट जावं तशा. एकही चिकटत नाही. पंधरा मिनिटं वाजवलं. दुकानातली माणसं जमली. एक जण म्हणाला, "मॅडम, स्टेज शो करता का?" मी म्हटलं हो. टेम्पो म्हणजे स्टेजच की, फक्त चालता.

अप्पांनी खोक्यावर दोनदा टकटक केलं, कलिंगड बघतात तसं. "हे द्या. पाडव्याला घरी पोचलं पायजे."

पडघ्यापर्यंत मी तोंड उघडलं नाही. पडघ्याला वडापाव घेतला तेव्हा मी "मिरची" एवढं म्हणाले. तेही प्रज्वलला.

९ मार्च

अजून बोलत नाही. अप्पाही बोलत नाहीत. आई म्हणते, दोघांना एकाच पोत्यात घालून बांधायला पाहिजे.

३० मार्च, पाडवा

खोकं आलं! पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. (हळद लागली की हो अप्पा! मनातल्या मनात म्हटलं.) आणि प्रज्वलने नारळ फोडला. नवीन टेम्पोच्या चाकाजवळ फोडतात ना, तस्साच. पाटाजवळच्या दगडावर, दणदिशी! अर्धं पाणी खोक्याच्या वरच्या जाळीतून आत.

आई म्हणाली, "तीर्थ हाय, काय व्हनार नाय." प्रज्वल मोबाइल काढून बघतो तर लिहिलेलं — ओलं झालेलं यंत्र तांदळात ठेवावं. झालं! घरात गिरणीतून कांडून आणलेला तांदूळ चारच किलो. मग कुणाच्या डोक्यात आलं कुणास ठाऊक, अप्पांनी खोकं उचललं आणि नेऊन ठेवलं भाताच्या कणगीत. तुसासकट! वरून दोन पायल्या भात ओतला. ही आमच्या सिंथेसायझरची स्थापना.

मी हसले. मोठ्याने. एका महिन्याने अप्पांसमोर पहिल्यांदा. मग आठवलं की आपण रागावलोय.

३ एप्रिल

कणगीतून काढलं. तूस फुंकलं. जुना कीबोर्ड वायरने जोडला, बटण दाबलं — चालू! सनई लावली. आवाज खरंच सुंदर आहे, खोटं का बोलू?

आत भाताचा एक दाणा राहिलाय. हलवलं की खुळखुळतो. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लक्ष्मी हाय."

२० एप्रिल, रविवार

काल मुरबाडकडची सुपारी, खोक्यासकट पहिली हळद. दोन गाणी होताच विठूबाबा म्हणून एक म्हातारे टेम्पोजवळ आले आणि ओरडले, "ही पोरगी नुसती बोटं नाचवतंय! गानं त्या खोक्यात भरल्यालं हाय!"

मी दोन्ही हात वर केले. सूर बंद. हात खाली — सूर चालू. पुन्हा वर. बाबा आ वासून बघत राहिले. मग घरातल्या सगळ्यांना एकेक करून घेऊन आले आणि प्रत्येकासमोर मला हात वर करायला लावला. अर्धा तास गाणं नाहीच, नुसती कवायत!

तेवढ्यात बायका आल्या हळदीच्या पराती घेऊन. पट्ट्यांवर ही हळद! दर वेळी माझा जीव जातो. काल गेला नाही. जुन्याच तर आहेत, लागू दे. अप्पा बेंजो वाजवता वाजवता डोळ्यांनी विचारत होते — बघ, खोक्याला लागली?

नाही लागली. मान्य. पण मी मान हलवली नाही.

४ मे

अप्पांनी माझ्या जागी मुरबाडचा धाकलू नावाचा वादक ठरवलाय. "तुझ्या हळदीपुरता फक्त." फक्त!

११ मे

धाकलू तालमीला आला. घामाघूम. "देवरामकाका, ह्या दोन पट्ट्या वर येतच नायत, वाजवू कसा?" अप्पा म्हणाले, "जमंल." आणि मिशीत हसले. स्वतःच्या मुलीच्या हळदीला वाजवणं बिघडणार, यात हसण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही.

मी धाकलूला नखाची युक्ती सांगितली नाही. माणूस म्हणून मी काही फार चांगली नाही.

१८ मे, सकाळ

पाच मिनिटं आहेत. पानावर डाग पडतायत, पडू देत. हळद सुटत नाही.

काल संध्याकाळी मी पाटावर, कोपरापर्यंत पिवळी. दारात टेम्पो, टेम्पोत खोकं. अंगणात अप्पांचा बेंजो, प्रज्वल आणि जुन्या कीबोर्डावर धाकलू. वैशाखऱ्याहून बाईजा आत्या हरेशची उष्टी हळद घेऊन आलेल्या. वाजायला लागलं. अर्ध्या मिनिटात — पीऽऽऽ! गंधार! धाकलू पट्टी उपटतोय, सूर काही थांबत नाही. लोक हसायला लागले. माझी करंगळी पाटावर आपोआप उचलली जात होती.

अप्पांनी बेंजो खाली ठेवला. माझ्यासमोर आले. "बाय, ऊठ. ह्याला जमायचं नाय."

आई म्हणाली, "अवो, हळदीची पोर हाय! हात बघा तिचे!"

"बघितलेत," अप्पा म्हणाले. "लागू दे पट्ट्यांना. खोकं टेम्पोत हाय."

मी उभी राहिले तिथेच. फेब्रुवारीत अप्पा म्हणाले होते, खोक्याला हळद लागत नाही. माझ्या हळदीला मी हात बांधून बसू शकणार नाही, हे या माणसाला माझ्याआधी माहीत होतं. त्या लोण्यासारख्या नव्याकोऱ्या पट्ट्या असत्या, तर असले हात मीच ठेवू दिले नसते. स्वतःलासुद्धा!

वाजवलं. नवरीच्या हिरव्या बांगड्या, हळदीचे ओघळ, पट्ट्या निसरड्या, करंगळीने गंधार उचलत. अंगण नुसतं उसळलं. रडू येत होतं आणि हसूही. मग बाईजा आत्या ताट घेऊन रिकाम्या पाटाकडे न जाता सरळ माझ्याकडे आल्या. माझे हात थांबले.

"थांबतंस कशाला?" म्हणाल्या. "तू वाजव. हळद मी लावतंय." आणि वाजवता वाजवता माझ्या दोन्ही गालांना लावली.

१९ मे, वैशाखरे

काल रुखवतात लाडू, पापड, समई, पितळी कळशी — आणि मधोमध कुंकू लावलेला जुना कीबोर्ड! अप्पांनीच ठेवलेला. आत्यांनी रुखवत गाडीत भरताना तो आपल्या मांडीवर घेतला, कुणाला हात लावू दिला नाही.

निघताना अप्पांना विचारलं, "पट्ट्या मला दिल्यात. पार्टीचं काय?"

म्हणाले, "खोकं हितंच राहील. बिनपट्ट्यांचं ते मुकं, आन बिनखोक्याच्या तुझ्या पट्ट्या मुक्या. सगळं एकात घेतलं असतं तर एका घरी पडून राह्यलं असतं गो. आता कशी येत नायस ते बघतो."

२५ तारखेला शहापूरची सुपारी आहे. हरेश विचारतोय, कीबोर्ड बाइकवर आडवा बांधायचा की उभा.