जांभळा कर्सर

५ मार्च, सकाळी ७:१०

निर्णय झाला. ऑक्टोबरमध्ये जायचं. तीस दिवस, एक भाड्याची व्हॅन, दूरच्या एका देशाचा अख्खा किनारा, ३९०० किलोमीटर. झोप व्हॅनमध्ये, स्वयंपाक व्हॅनमध्ये, हॉटेल शून्य. जगाच्या दुसऱ्या टोकाला एवढ्या कमी खर्चात कोणी महिनाभर राहिलं असेल असं वाटत नाही.

प्लॅन मुळात ताईचा आणि माझा. ताई जाऊन नऊ महिने झाले. रक्तात इन्फेक्शन, हॉस्पिटलचे चार दिवस, संपलं. आता प्लॅन एका माणसाचा. निर्णय भावनिक नाही. शीट अर्धं तयार आहे, केलेलं काम वाया जाऊ नये, एवढंच.

संकल्प: ३१ मार्चच्या आत तिकीट आणि रजा. तिकिटाचा हा दर तोपर्यंतच आहे.

आईला सांगितलं. एकटी? म्हणाली. हो म्हटलं. बरं, म्हणाली आणि डबा भरायला गेली. आमच्या घरात एवढं बोलणं झालं म्हणजे परिसंवाद.

८ मार्च, रविवार

जुनं शीट उघडलं. ऑनलाइन आहे, दोघींचं मिळून. माझा कर्सर हिरवा, ताईचा जांभळा. प्रत्येक दिवसापुढे 'गाडी कोण चालवणार' असा कॉलम: एक दिवस मी, एक दिवस ताई. कॉलम काढला नाही. काढला तर पुढची सूत्रं बिघडतात. (तपासलेलं नाही. पण बिघडतात.)

आईने मागून वाकून पाहिलं आणि तिकडे घाट आहेत का, असं विचारलं. आई एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं लावत होती. तिच्या वेळापत्रकात कधी चूक निघाली नाही, असं ती सांगते. बस त्याप्रमाणे आल्याचं मात्र कोणाच्या ऐकिवात नाही. मी म्हटलं, आई, हे वेगळं असतं.

११ मार्च, दुपारी २:१५ (लॅब, डबा खाताना)

एक गोष्ट झाली. जशी झाली तशी लिहिते.

नवव्या दिवशी मी ६४० किलोमीटर ठेवले होते. आता तिथे ३१० आहेत. बाजूला शेरा: 'एका दिवसात ६४० फार. दोन दिवस कर. ड्रायव्हर पण माणूस असतो.' शेऱ्यावर ताईचं नाव.

मी वाचत असतानाच जांभळा कर्सर दहाव्या दिवसावर येऊन थांबला. अकरा मिनिटं थांबला. मग नाहीसा झाला. या अकरा मिनिटांत मी घास गिळला नव्हता हे नंतर लक्षात आलं.

लॅबचं तापमान कायम वीस अंश असतं. अंगावर काटा आला तो तापमानामुळे नाही, एवढं नक्की.

शक्यता. एक: जुने बदल उशिरा सिंक झाले. दोन: ताईचं अकाउंट कोणीतरी हॅक केलं. तीन:

तीन रिकामी ठेवली आहे.

१२ मार्च

शेजारच्या टेबलवाल्याला विचारलं. आम्ही दोघं वजनकाटे आणि थर्मामीटर तपासून त्यांना दाखले देतो. त्याला सगळे डेसिमल म्हणतात, कारण वय विचारलं तरी तो दशांशात सांगतो. मैत्रिणीची अडचण आहे असं सांगितलं. तो म्हणाला, अगं, अकाउंटच्या सेटिंगमध्ये जायचं, कुठल्या मशीनवरून उघडलंय ते लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम. पासवर्ड आहे ना तिच्याकडे? आहे, म्हटलं. मग बघत का नाही, घाबरते का? म्हटलं, घाबरत नाही, तिला वेळ नाही. म्हणाला, दोन मिनिटंसुद्धा? तुझी मैत्रीण देश चालवते का काय?

संकल्प: उद्या बघायचं.

१३ मार्च

आज बघणार होते. पण डेटा अपुरा आहे. एका नोंदीवरून निष्कर्ष काढणं हे अडाण्याचं काम. आधी नियंत्रित प्रयोग.

बाराव्या दिवशी सकाळी सातची बोट आहे. आदला मुक्काम मुद्दाम बंदरापासून २१० किलोमीटरवर टाकला आणि निघण्याची वेळ सकाळी सहा लिहिली. शाळेतल्या पोरालाही दिसेल अशी चूक.

दुपारी २:२५. शेरा: 'बोट चुकणार. आदल्या दिवशी बंदरालाच मुक्काम कर. वाटेत चहाचा थांबा दिसत नाही.'

माझ्या चुका काढायचं काम लहानपणापासून ताईकडेच होतं. माझी वही आधी तिच्याकडे जायची, मग बाईंकडे. ही फक्त पार्श्वभूमी. निष्कर्ष नाही.

१६ मार्च

एका चुकीने काही सिद्ध होत नाही म्हणून सकाळी सात चुका टाकल्या. चार वाजेपर्यंत सातही सापडल्या. बदल फक्त दुपारी दोन ते चारमध्ये होतात. काल रविवार, काल काहीच नव्हतं. सुट्टी असावी.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

ताईचा टॅब तिच्या खोलीत, कपाटात, बंद आहे. कपाटाला कुलूप नाही, पण ते उघडणार कोण? मी नाही. आईला तर मेसेज फॉरवर्ड करायला सांगितला तर ती तो मोठ्याने वाचून दाखवते.

आई हल्ली दुपारची झोपत नाही. डोळे लाल असतात. वयाचा परिणाम.

१८ मार्च

साहेबांनी बोलावलं. महिनाभर रजा हवी म्हणतेस, तारीख दे. म्हटलं, प्लॅन फायनल नाही. म्हणाले, तू गेले दोन आठवडे हेच सांगतेस, रस्ता तूच बांधणार आहेस का? साहेबांना अचूकतेची किंमत नाही. दाखल्यावर सही मात्र त्यांची असते.

वस्तुस्थिती: प्लॅन व्हर्जन सतराला फायनल झालेला होता. त्यात मी पुन्हा चार चुका टाकल्या. प्रयोग अर्धवट सोडता येत नाही.

सेटिंग उद्या बघते.

२० मार्च

आज प्रश्न विचारला. उद्देश तांत्रिक: पलीकडे प्रोग्राम आहे की माणूस, हे ठरवणं. चौदाव्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं, 'कशी आहेस?'

दीड तास काही नाही. जांभळा कर्सर येऊन उभा राहिला, बाजूला सरकला, परत आला. मी माझा हिरवा शेजारच्या चौकोनात नेऊन ठेवला. हललेच नाही. डेसिमलने काटा तपासायला मागितला, तोही मी दिला नाही.

३:५२ ला उत्तर: 'गुडघे दुखतात. बाकी बरं.'

ताईला गुडघ्यांचा त्रास नव्हता. विसंगती नोंदवली. पण तिकडची परिस्थिती आपल्याला माहीत नसते.

२२ मार्च, रविवार

सुट्टी. तरी दोन वाजता शीट उघडून बसले. कोणी आलं नाही. आई दोनदा खोलीच्या दारात येऊन गेली. काय पाहिजे विचारलं, तर काही नाही म्हणाली.

जेवताना म्हणाली, हल्ली बरं वाटतं बाई, तू चार शब्द बोलतेस. मी आईशी आठवडाभरात काहीही बोललेले नाही. कशाच्या संदर्भात म्हणाली कळलं नाही. हं, म्हटलं.

२३ मार्च

२:१० ला शेरा, गाडी कोण चालवणार त्या कॉलमवर: 'ड्रायव्हर दोन लावलेत. तू एकटीच जाणार ना?'

ही चूक मी टाकली नव्हती.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. चार मिनिटं. पाणी वाया गेलं.

२४ मार्च, दुपारी १:३०

ट्रिप तीस दिवसांची, म्हणून शीटमध्ये तीस ओळी. एकतिसावी रिकामी. तिथे लिहिलं. जे लिहिलं ते इथे उतरवते, म्हणजे नंतर मला बदलता येणार नाही.

'चौथ्या दिवशी तू बरी दिसत होतीस. मी साडेनऊला लॅबमध्ये गेले. एका काट्याचा दाखला द्यायचा होता. तो दुसऱ्या दिवशी दिला असता तरी चाललं असतं. मी ११:२० ला परत आले. तू १०:५० ला गेलीस. मी कुठे आहे, असं तू विचारलं होतंस का?'

दोन ते चार. कर्सर आला नाही.

२५ मार्च

आला. एकतिसाव्या ओळीवर चाळीस मिनिटं उभा होता. काही लिहिलं नाही. गेला.

दिवसभरात तीन दाखल्यांवर चुकीच्या तारखा टाकल्या. डेसिमलने मुकाट्याने दुरुस्त केल्या. म्हणाला, तुझ्या त्या मैत्रिणीला म्हणावं, घरी जा.

२६ मार्च, दुपारी २:३८

उत्तर आलं.

'विचारलं होतं. मी सांगितलं येतेय. ती बरं म्हणाली.'

त्या खोलीत १०:५० ला दोनच माणसं होती. एक ताई.

संध्याकाळी ५:३०

साहेबांना न सांगता निघाले. नोकरीत पहिल्यांदा. सव्वातीनला घरी. आई जेवणाच्या टेबलाशी बसलेली, चष्मा लावून, पुढे ताईचा टॅब. शेजारी कागदावर पट्टीने रेघा मारून माझे तीस दिवस मांडलेले, डेपोतल्यासारखे, निघण्याची वेळ डावीकडे आणि पोचण्याची उजवीकडे. दचकली वगैरे नाही. आज लवकर? म्हणाली.

फोटो बघायला म्हणून टॅब चार्ज केला होता. शीट आपोआप उघडलं. नववा दिवस पाहिला आणि तिला राहवलं नाही. म्हणाली, असली ड्युटी आमच्याकडे लावली असती ना, तर ड्रायव्हरांनी मला डेपोतच कोंडलं असतं.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस?

तर माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, मला वाटलं तुला कळलंय. तू एवढी शिकलेली, एका दिवसात सात चुका चुकून करशील होय? मी म्हटलं, पोरीला बोलायचंय माझ्याशी, तोंडाने जमत नाही तर असं बोलते. म्हणून मी दुपारची वाट बघायची.

मी तो आखलेला कागद उचलून पाहिला. मग तिने विचारलं, का गं, तू कोणाशी बोलत होतीस?

तुझ्याशीच, म्हटलं.

अचूकता: शून्य.

मग आईने उरलेलं सांगितलं. टॅबवर एवढं लिहायला हात चालत नाहीत म्हणाली. ताईने विचारलं, ती कुठंय. आई म्हणाली, लॅबमध्ये गेलीय, येतेय. ताई हसली. म्हणाली, गेली का जगाची वजनं तपासायला. येऊ दे सावकाश. मग डोळे मिटले. एवढंच. आई म्हणाली, तुला हे कधी सांगायचं तेच कळेना. तू घरात असतेस पण भेटत नाहीस.

चहा झाला. दोघींचाही गार झाला.

२७ मार्च

सेटिंग उघडलं. उपकरणं: एक. टॅब. लागलेला वेळ एक मिनिट चाळीस सेकंद.

'तीन' समोर काही लिहायचं राहिलं होतं. आता लिहायला काही नाही.

दुपारी दोन वाजता शीट उघडं ठेवलं. आई आली नाही. आता येण्याचं कारण नाही. हिरवा एकटाच लुकलुकत होता. गेल्या जूनमध्ये ताई गेली तेव्हा जे वाटलं होतं ते आज दुपारी परत वाटलं, आणि या वेळी लॅबमध्ये निमित्तालाही काही काम नव्हतं.

३१ मार्च

प्लॅनमध्ये आता एकही चूक नाही. आईने पेट्रोल पंपसुद्धा तपासलेत. व्हर्जन चोवीस, फायनल.

सकाळी साहेबांना तारीख दिली. म्हणाले, ऑक्टोबर गेला. डेसिमलला दिला. त्याचं लग्न आहे, त्याने महिन्यापूर्वीच अर्ज टाकला होता. तुला हवे तर जूनमध्ये चार दिवस घे. मी डेसिमलचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, तुझ्या मैत्रिणीलाही घेऊन ये लग्नाला. म्हटलं, मैत्रीण वगैरे कोणी नाही. मला वाटलंच होतं, म्हणाला, आणि अर्धा डबा माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी सहाला तिकिटाचा दर संपला. पुढच्या वर्षी जायचं. निर्णय पक्का.

५ एप्रिल, रविवार

दुपारी आई खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, ट्रिप नाही, मग आता लिहायचं कुठे?

म्हटलं, आई, आपण एकाच घरात राहतो. लिहायचं कशाला, बोलू.

बरं, म्हणाली.

मी लॅपटॉप मिटला, खुर्ची तिच्याकडे वळवली. ती पदर सारखा करून बसली. मी बसले. पंख्याचा आवाज येत होता. तिने चादरीची सुरकुती सरळ केली. मी घसा साफ केला, तर ती पुढे वाकली. पण तो नुसताच घसा होता.

चौदा मिनिटं झाली. मग आई म्हणाली, तू आधी सांग.

मी म्हटलं, नको, तू.