विहाराच्या पायऱ्या आणि दोन काचांचा चष्मा

तलमडुगू,
ता. २० मार्च १९८५

चि. भिवाजीस,

नागोराव भाऊजीचा सप्रेम जयभीम. इकडे तुझी बहीण भागीरथा बरी आहे, म्हैस बरी आहे, मी बरा होतो. बाजारहत्नूरला तुझ्या लेकरांचा खोकला गेला का ते कळव. तू कळवणार नाहीस हे माहीत आहे. विहाराच्या पायऱ्या तू उंचसखल बांधल्या असं मी भर बैठकीत बोललो (दोनदा पडलो होतो, म्हणून बोललो), तेव्हापासून तू अबोला धरलास. आता येत्या पुनवेच्या बैठकीत विहाराचं उरलेलं काम दुसऱ्या गवंड्याला द्यायचं घाटतं आहे. तरी पत्र फाडू नको, यात सिनेमाची हकीकत आहे.

आदिलाबादच्या टॉकीजात असा सिनेमा लागला की दारातच चष्मा देतात आणि पडद्यावरचं सामान अंगावर येतं. भागीरथेच्या हट्टानं गेलो. राक्षसानं भाला फेकला तशी सगळी टॉकीज खाली वाकली. तुझ्या बहिणीनं पुढच्या बाईच्या अंबाड्यात तोंड खुपसलं. मी एकटा ताठ. (मागच्यांना वाटलं, म्हातारा छातीचा आहे.) मला तो भाला कॅलेंडरावरच्या चित्रासारखा जागच्या जागी दिसत होता. चष्मा खराब म्हणून दारावरच्या माणसाकडून दोनदा बदलून आणला, मग भागीरथेचा घेतला. माझा लावून ती आधीपेक्षा मोठ्यानं ओरडली. तिसऱ्यांदा गेलो तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "चाचा, एकेक आँख बंद करके देखो." उजवा मिटला आणि सगळी टॉकीज पिठाच्या गिरणीत गेल्यासारखी पांढरी झाली.

मध्यंतरात त्यानं सगळं समजावलं. पडद्यावर एका वेळी दोन चित्रं पडतात, जराशी सरकलेली. चष्म्याच्या काचा दिसायला सारख्या, पण डावी काच फक्त डाव्या डोळ्याचं चित्र आत सोडते, उजवी उजव्याचं. मग डोकं दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फरक पाहतं आणि त्यावरून जवळ काय, लांब काय ते ठरवतं. दोन शेजाऱ्यांनी एकाच भांडणाची हकीकत सांगावी आणि पंचांनी त्यातून मेळ काढावा, तसं. (माझ्याकडे शेजारी एकच उरलेला.) चष्मा नसला तरी डोळे रोज हेच काम करतात म्हणे. घरी येऊन मी एक डोळा मिटून, मग दोन्ही उघडे ठेवून दौतीत टाक बुडवून पाहिला. दोन्ही वेळा टाक बाहेरच.

"पायऱ्यायले काऊन नावं ठेवली मंग?" भागीरथा म्हणाली. "चहा बी तं सहा महिन्यांपासून बशीच्या बाहेरच ओतून राह्यले तुमी."

"तवाच काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं. तुमी म्हणाले, बशी लहान हाय."

दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन विहारात गेलो, हातानं चाचपत सातही पायऱ्या मोजल्या. सातही सारख्या. तेव्हा भिवाजी, तुझ्या पायऱ्यांत काही खोट नाही, खोट माझ्या डाव्या डोळ्यात आहे. हे मी पुनवेला सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार. काम तुझंच राहील.

तुझा,
नागोराव

ता.क. १ : बैठकीनंतर तीन दिवसांनी डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू काढायचा ठरला आहे. सोबत माणूस लागतो. तू ये. मला भीती वाटते, हे बहिणीला सांगू नको.

ता.क. २ : 'सातही सारख्या' लिहिलं तेव्हा भागीरथा शेजारी बसून वाचत होती. सही करताच ती म्हशीकडे गेली. चौथी पायरी अर्धं बोट उंच आहे, मी तीनदा मोजली. मोजपट्टी घेऊन कुणी जायच्या आत, बैठकीच्या आदल्या दिवशीच थापी घेऊन ये. सिमेंट मी कालवून ठेवतो.